‘घाटावर’साठी एजंट पाहिजे

सकाळची दुसरी कॉफी पुढ्यात आली तरी सेतुरामरावांनी पेल्याला हात लावला नाही. समोर धनलक्ष्मी केळफूल सोलत बसली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "मज एजंट पाहिजे."

"कशास? विम्याचे हप्ते संपून दोन वर्षें झालीं."

"विम्याचा नव्हे. पुस्तकाचा."

धनलक्ष्मीने केळफुलाचं एक पान उलगडलं, आतल्या फुलांची फणी काढून ताटात ठेवली आणि विचारलं, "पुस्तकास काय झालें?"

पुस्तकाला काहीच झालं नव्हतं, हीच तर अडचण होती. अकरा वर्षं खपून लिहिलेली ‘घाटावर’ नावाची कादंबरी नऊ वह्यांत बांधून ट्रंकेत पडली होती. पुढे तिचं काय करायचं हे सेतुरामरावांना ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं की विलायतेतला लेखक स्वतः प्रकाशकाच्या दारात जातच नाही. त्याचा एक एजंट असतो. तोच हस्तलिखित घेऊन जातो, बोलणी करतो आणि लेखक घरी बसून दुसरी कादंबरी लिहितो. लेखकाने घरी बसण्याचा भाग सेतुरामरावांना फार पटला होता.

सेतुरामराव कुंभकोणम् स्टेशनात पार्सल क्लार्क होते. विड्याच्या पानांच्या करंड्या, पितळेच्या समया, केळीचे घड यांच्या पावत्या फाडण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. कादंबरी त्यांनी लिहिली ती दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. एक गाडी मायवरमकडे गेली की दार लोटून ते वही उघडत. मग सुंदरपेरुमाळ कोयिल या अलीकडच्या स्टेशनाहून पुढची गाडी सुटल्याचा फोन आला की चालू वाक्य पुरं करून वही बंद करत. वाक्य लांबलं आणि गाडी फलाटात शिरली असंही कधी झालं, पण गाडीसाठी त्यांनी वाक्य तोडलं नाही. सवय इतकी हाडीमाशी भिनली की निवृत्त झाल्यावर घरच्या निवांतपणात त्यांना ओळही सुचेना. शेवटी फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा कुठे शेवटचं प्रकरण पुरं झालं.

ही कादंबरी मराठीत होती. तीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांच्या फौजेबरोबर त्यांचं घराणं तंजावरात उतरलं आणि पुढे केव्हातरी कुंभकोणमला आलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ, असा त्यांच्या सगळ्या आळीचाच रिवाज होता. सेतुरामराव मद्रासच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तरी ‘तिकडे’ असं म्हणून ते उत्तरेला हात करत, तेव्हा मागे ठेवून आलेल्या माणसांबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज हळू होई. एकदा तिकडचं एक कुटुंब यात्रेला आलेलं स्टेशनात भेटलं. सेतुरामरावांना भरून आलं. त्यांनी पाच मिनिटं आपल्या मराठीत त्यांची विचारपूस केली. त्यातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती गोड बोलता हो, अगदी पोथी वाचल्यासारखं." आणि मग चहा कुठे मिळेल ते त्यांनी हिंदीत विचारलं.

ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. तिकडच्या एका तरी माणसाने आपलं लिहिलेलं वाचावं आणि त्याला ते गोड न लागता खरं वाटावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

एजंटाचा शोध त्यांनी ओळखीच्यांतूनच सुरू केला. पहिल्यांदा गेले ते विड्याच्या पानांचे एजंट पांडुरंगराव यांच्याकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पुण्यास पाठवायचें काय? ओलें फडकें गुंडाळून पाठवतों. तीन दिवस ताजें राहील," ते म्हणाले. लॉरी बुकिंगच्या एजंटाने वजन विचारलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलावताच राजगोपाल येऊन दारात उभा राहिला.

राजगोपाल विम्याचा एजंट होता. आळीतल्या प्रत्येक माणसाच्या जन्मतारखेपासून रक्तदाबापर्यंत सगळं त्याला पाठ होतं. त्याचा चेहरा उतरला होता.

"अण्णा, तुम्हांस एजंट पाहिजे हें मज पानवाल्याच्या तोंडून कळावें काय?"

"अरे, तूं विम्याचा."

"एजंट तो एजंट. धडधाकट माणसास मी मरण विकतों. पुस्तक काय भारी आहे? बसा, माहिती सांगा." त्याने पिशवीतून विम्याचाच एक छापील अर्ज काढला, कारण दुसरा कुठला त्याच्याकडे नव्हता. नावापुढे ‘घाटावर’ लिहिलं, वयापुढे ‘अकरा वर्षें’ लिहिलं आणि मान वर करून विचारलं, "नायक मरतो?"

"नाही."

"नायिका?"

"तीही नाही."

"मग शेवटीं कोणास काय मिळतें?"

"कोणास कांही मिळत नाही. एक गाणारा मुलगा कावेरीच्या घाटावर एका मुलीस एकदा भेटतो. ती न बोलतां बोट दाखवते आणि निघून जाते. पुढें तो वाट पाहतो."

"किती पानें?"

"चारशें."

राजगोपालने पेन खिशाला लावलं आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. "अशी पॉलिसी विकणें कठीण," तो म्हणाला. "पण विकीन."

आणि तो खरोखरच कामाला लागला. त्याच्या एका पॉलिसीधारकाचा जावई पुण्याजवळ खडकीला नोकरीला होता. त्याला पत्र घालून राजगोपालने पुण्याच्या एका प्रकाशकाचा, गोवंडे नावाच्या गृहस्थांचा, पत्ता मिळवला. पण वह्या उघडून बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे पुण्याला चालायचं नाही. कादंबरी मराठी होती, पण अक्षरं तमिळ होती.

त्यात सेतुरामरावांचा दोष नव्हता. शाळेत ते तमिळ आणि इंग्रजी शिकले होते. देवनागरी त्यांना वाचताही येत नव्हती आणि लिहिताही येत नव्हती. आळीतले सगळेच आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहीत. लग्नपत्रिकेपासून वाण्याच्या यादीपर्यंत तेच चाले आणि कुणाचं काही अडत नसे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर असतं. प, फ, ब, भ यांनाही एकच. पण भाषा घरचीच असल्यामुळे कुठे काय म्हणायचं ते वाचणाऱ्याच्या जिभेला आपोआप कळतं.

ज्याची ती घरची भाषा नाही, त्याला मात्र कळत नाही. राजगोपालने नक्कल करायला गुरुमूर्तींना आणलं. गुरुमूर्ती हिंदीचे पंडित होते. चाळीस वर्षं कुंभकोणमच्या मुलांना हिंदीच्या परीक्षांना बसवत होते. देवनागरी अक्षर मोत्यासारखं होतं, मात्र मराठीचा त्यांना गंधही नव्हता.

"अर्थ कळायची गरज नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "अक्षराला अक्षर लावत जायचं. अडलंच तर हिंदी आहे ना, दोघी बहिणी."

रोज सकाळी दहाला गुरुमूर्ती येत आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या ओसरीवर पाट मांडून बसत. आत धनलक्ष्मी वडे तळत असे, नाहीतर सांबारला फोडणी देत असे. दुपारी जेवून पंडित पुन्हा लिहायला बसत. एका अक्षराची चार अक्षरं होऊ शकतात हे त्यांना माहीत होतं. अशा वेळी ते डोळे मिटून त्यातला हिंदी शब्द कोणता ते आठवत आणि आठवला नाही तर वर्गातलं पहिलं अक्षर लिहून मोकळे होत. पाच महिन्यांत नऊ वह्या संपल्या. सेतुरामरावांनी त्या जाडजूड गठ्ठ्यावरून हात फिरवला. आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही याचा त्यांना त्या दिवशी अभिमानच वाटला. गठ्ठा मेणकापडात बांधून त्यांनी स्वतः पार्सल ऑफिसात नेला, वजन केलं आणि नव्या क्लार्कला बाजूला करून पावतीही स्वतःच फाडली.

मग सुरू झालं वाट बघणं. कादंबरीतला नायक चारशे पानं वाट बघतो, त्यामुळे आपल्याला हे जमेल असं सेतुरामरावांना वाटलं होतं. पण नायकाच्या घरावरून रोज पोस्टमन जात नव्हता. अकराच्या सुमाराला ते ओट्यावर येऊन उभे राहत. पोस्टमन समोरच्या घरी पत्र टाकी, शेजारी टाकी आणि यांच्याकडे बघून नुसती मान हलवी. दोन महिन्यांनी तो मान हलवायला लाजू लागला आणि मागच्या गल्लीने जाऊ लागला.

सातव्या महिन्यात पत्र आलं. ते वाचायला पुन्हा गुरुमूर्तीच. राजगोपालही सायकल टाकून धावत आला. पंडितांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द सावकाश वाचायला सुरुवात केली.

इथे आणखी एक घोटाळा झाला. गुरुमूर्तींची जीभ अस्सल तमिळ होती. डोळ्यांनी ते ‘ख’ बघत, पण तोंडातून बाहेर पडे तो ‘क’ आणि ‘ग’ यांच्या मधला काहीतरी. त्यामुळे गोवंड्यांनी ‘नायकाचे खाणे’ असं लिहिलं होतं, ते सेतुरामरावांच्या कानापर्यंत ‘नायकाचे गाणे’ होऊन आलं. त्यांनी जे ऐकलं ते असं होतं: तुमची कादंबरी वाचून आमच्या घरातली माणसं चार दिवस हसत आहेत. विशेषतः नायकाच्या गाण्याची वर्णनं वाचताना हसू आवरत नाही. इतकी विनोदी कादंबरी तीस वर्षांत हाती आली नव्हती. ती छापण्याची आमची इच्छा आहे. पुढच्या महिन्यात दक्षिणयात्रेला येत आहोत, तेव्हा भेटू.

राजगोपालने टाळी वाजवली. "घेतली. पॉलिसी घेतली त्यांनीं."

सेतुरामराव उठून मागच्या अंगणात गेले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. तरुणपणी ते स्वतः देवळातल्या भजनमठात गात असत. त्या गाणाऱ्या मुलाच्या गळ्यात त्यांनी आपलाच गळा घातला होता. ज्या लोकांनी वाचावं म्हणून अकरा वर्षं लिहिलं ते त्या गाण्याला हसले होते.

"नको म्हणून कळवा," ते संध्याकाळी राजगोपालला म्हणाले.

"अण्णा, हसले तर हसले. रडून कोणी पुस्तक घेतो काय?"

"मज हसवायचें नव्हतें."

"बरें, कळवतों," राजगोपाल म्हणाला. मग पोस्टात जाऊन त्याने ‘लेखक तयार, अवश्य यावे’ अशी तार केली. गिऱ्हाइकाचा पहिला नकार खरा धरायचा नाही, हे तो त्याच्या धंद्यात शिकला होता.

महिन्याभराने यात्रेची एक बस कुंभेश्वराच्या देवळापाशी थांबली आणि त्यातून गोवंडे उतरले. साठीचे, गोरे, आणि उन्हाने लालबुंद झालेले. बायको देवळात गेली आणि हे पत्ता विचारत घरी आले. बस तासाभराने सुटणार होती. राजगोपालने दारातच त्यांना गाठून आत आणलं. सेतुरामराव झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. तिकडचा माणूस त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला होता. राग होता, तो कुठल्या कुठे गेला.

"यावें, बसावें. प्रवासीं श्रम फार झाले असतील."

गोवंडे खूश होऊन हसले. "वा. बोलतासुद्धा तसंच. मला वाटलं होतं, ही भाषा तुम्ही मुद्दाम विनोदासाठी केलीय."

सेतुरामरावांचा हात झोपाळ्याच्या कडीवर घट्ट झाला.

"एक उतारा तर मला पाठ झालाय," गोवंडे पिशवीतून गठ्ठा काढत म्हणाले. "पुण्यात प्रत्येक पाहुण्याला वाचून दाखवतो. तुमच्या समोर वाचायचा योग यावा अशी फार इच्छा होती." आणि त्यांनी स्वच्छ, खणखणीत पुणेरी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"‘तो रोज संध्याकाळीं देवळांत खात असे. त्याचें खाणें ऐकावयास ती खांबाआड उभी राही.’ काय निरीक्षण आहे बघा, खाणं ऐकावयास. म्हणजे मचमच किती असेल. ‘देवापुढें त्याचा पाव पाहून तिच्या डोळ्यांस पाणी येई. एके दिवशीं खाटावर तो तिला पेटला.’" इथे गोवंड्यांना थांबावं लागलं. त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "‘ती कांही बोलली नाही. तिनें नुसतें पोट दाखवलें.’"

आपली कादंबरी तिकडच्या आवाजात ऐकायची, हे सेतुरामरावांनी किती वर्षं मनात खेळवलं होतं. आता ती ऐकू आली तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं, आपल्याला ऐकण्याचा काही आजार झालाय. त्यांनी राजगोपालकडे पाहिलं. राजगोपालने गुरुमूर्तींना शोधलं, पण पंडित त्या दिवशी तिरुनागेश्वरमला गेले होते.

कॉफी घेऊन आलेली धनलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती.

"खात नव्हे," ती म्हणाली. "गात."

"काय?" गोवंडे.

"हे देवळांत कधीं खात नसत. गात असत." तिने कॉफी खाली ठेवली, आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेचं झाकण वाजलं. पहिली वही घेऊन ती बाहेर आली. अकरा वर्षांत तिने त्या वह्यांना हात लावला नव्हता. छापून आल्यावर वाच असं ते म्हणाले होते आणि तिनेही कधी मागितली नव्हती. ती खाली जमिनीवर बसली, पान काढलं आणि वाण्याची यादी वाचावी इतक्या सहज वाचू लागली.

"तो रोज संध्याकाळीं देवळांत गात असे. त्याचें गाणें ऐकावयास ती खांबाआड उभी राही. देवापुढें त्याचा भाव पाहून तिच्या डोळ्यांस पाणी येई. एके दिवशीं घाटावर तो तिला भेटला. ती कांही बोलली नाही. तिनें नुसतें बोट दाखवलें. पलीकडच्या तीराकडे."

इथे ती किंचित थांबली. मग पुढे वाचू लागली.

गोवंडे हसायचे थांबले होते. एक पान झालं, दुसरं झालं. राजगोपालने त्यांच्या कॉफीवर वाटी झाकली. दूर देवळापाशी बसचा हॉर्न वाजला.

"पुढे?" गोवंडे म्हणाले.

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने बसचा कंडक्टर घर शोधत आला आणि दारात उभा राहून म्हणाला की पन्नास माणसं खोळंबली आहेत. गोवंड्यांनी त्याला हाताने थांबवलं. तोही उभ्या उभ्या एक पान ऐकत राहिला आणि परत गेला. पुन्हा आला तो गोवंड्यांच्या बायकोचा निरोप घेऊन: तुम्ही ऐकत बसा, मी रामेश्वर करून येते, रविवारी परतताना तुम्हाला उचलू. बरोबर त्यांची पिशवी आणि पोटाच्या गोळ्याही पाठवल्या होत्या.

अशा रीतीने पुण्याचे एक प्रकाशक तीन दिवस सेतुरामरावांच्या ओसरीवर राहिले. सकाळी जेवणं आटोपली की धनलक्ष्मी वही उघडे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विशालाक्षीबाई पापड लाटायचं पोळपाट घेऊन येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी गुरुमूर्ती आले. आपण काय करून ठेवलं ते राजगोपालकडून कळल्यावर त्यांनी कोपऱ्यात बसून खालमानेने सगळं ऐकलं. एक शब्दही त्यांना कळत नव्हता, तरी ते उठले नाहीत. वाचता वाचता एखाद्या जुन्या शब्दाला गोवंडे म्हणत, "थांबा, हा शब्द माझी आजी म्हणायची," आणि खिशातल्या डायरीत टिपून घेत. सेतुरामराव झोपाळ्यावर बसून होते. त्यांचं लक्ष वाचनाकडे नव्हतंच. ते गोवंड्यांचा चेहरा बघत होते. तिकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर आपली वाक्यं उमटताना त्यांना दिसत होती, आणि हे संपू नये असं त्यांना वाटत होतं.

कादंबरी रविवारी दुपारी संपली. ती बोट दाखवून गेल्यापासून नायक रोज पलीकडच्या तीरावर जाऊन बसतो. तिने तिकडे ये म्हटलं, की तिथून दूर जा म्हटलं, की नदीसारखं आपल्यामध्ये काही आहे म्हटलं, याचाच विचार करत त्याचे केस पांढरे होतात. शेवटच्या पानावर तो नदीला विचारतो आणि नदी वाहत राहते.

गोवंड्यांनी घसा साफ केला. "एक विचारू का? ती नक्की काय दाखवत होती?"

"तें मज ठाऊक असतें," सेतुरामराव म्हणाले, "तर चारशें पानें लिहिलीं असतीं काय?"

धनलक्ष्मीने वही मिटली. "बकरी," ती म्हणाली.

झोपाळा थांबला.

"तुम्ही स्नान करून उभे होतां. तुमचें वाळत घातलेलें धोतर पायरीवर होतें. बकरी तें खात होती. मी बोट केलें. तुम्ही बकरीकडे पाहिलेंच नाही, नदीकडे पाहत राहिलां. वडील हांक मारीत होते, म्हणून मी गेलें."

सेतुरामरावांना ते धोतर आठवलं. त्याचं एक टोक गेलं होतं हे खरं होतं. धोब्याने दगडावर आपटून फाडलं असं समजून ते पुढे वर्षभर त्या धोब्याशी बोलले नव्हते. विशालाक्षीबाईंनी पदर तोंडाला लावला. गोवंडे आधी खोकले आणि मग त्यांना हसू आवरेना. या वेळी मात्र सेतुरामरावांना त्याचं काही वाटलं नाही.

"पण मग," ते बायकोला म्हणाले, आणि त्यांचा आवाज उत्तरेला हात करताना व्हायचा तसा हळू झाला होता, "त्यापुढें चार वर्षांनीं तुझें स्थळ आलें. मी हो म्हणालों. तूं कां हो म्हणालीस?"

धनलक्ष्मीने वह्या एकीवर एक रचल्या, कडा जुळवल्या. "मज वाटलें, ह्या माणसास आपलें धोतर राखतां येत नाही. कोणी तरी लागेल."

"आणि तीं चार वर्षें?"

"तीं चार वर्षें काय?"

"तीं तूं काय करीत होतीस?"

"तें तुम्हीं कधीं विचारलेंत?" ती म्हणाली, आणि बसचा हॉर्न ऐकून गोवंड्यांसाठी दहीभाताचा डबा भरायला आत गेली.

जाताना गोवंड्यांनी सांगितलं की पुस्तक छापायचं तर हेच छापायचं, खपलं नाही तरी चालेल. पण आधी ते नीट देवनागरीत उतरवून हवं, आणि ते घरची भाषा जाणणाऱ्याकडूनच. गुरुमूर्तींनी प्रायश्चित्त म्हणून पुन्हा लिहून देण्याची तयारी दाखवली. ती सगळ्यांनी एकमुखाने नाकारली. शेवटी ठरलं ते असं की गुरुमूर्तींनी फक्त अक्षरं शिकवायची आणि लिहायचं धनलक्ष्मीने. चौपन्नाव्या वर्षी तिने पाटी हातात घेतली. क आणि ख यांत फरक काय असतो हे पंडितांनी तिला शिकवलं आणि तो जिभेवर कसा आणायचा हे तिने पंडितांना.

पहिलं प्रकरण तिने शब्दाला शब्द उतरवलं. दुसऱ्यात बकरी आली. सेतुरामरावांनी हरकत घेतली, पण राजगोपालने ते प्रकरण तोवर टपालात टाकलंही होतं. गोवंड्यांचं उत्तर महिन्यातच आलं: वहिनींनी भर घातलेली पानं फार उत्तम उतरली आहेत, त्यांना अडवू नये. त्या दिवसापासून राजगोपाल घरी आला की झोपाळ्याकडे मान लववतो, सरळ आत जातो आणि विचारतो, "अक्का, कुठवर आलें?" विम्याच्या त्या अर्जावर ‘घाटावर’च्या खाली लेखक म्हणून त्याने धनलक्ष्मीचं नावही लिहून ठेवलं आहे.

धनलक्ष्मी दिवसाला एक पान लिहिते. पाहुणे असले तर तेही नाही. लिहिताना ती कुणाला जवळ बसू देत नाही. आणि विचारलं तर एवढंच सांगते की मुलगी आता घाटावरून घरी पोचली आहे आणि तिच्या त्या चार वर्षांतलं पहिलं वर्ष सुरू झालं आहे. सेतुरामराव सकाळी बाजारातून तिची शाई घेऊन येतात, ती पाटापाशी ठेवतात आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसतात. तिथून त्यांना कागदावरून चालणारं पेन ऐकू येतं. ते मधेच थांबतं, तेव्हा तेही श्वास धरून थांबतात.

कालच त्यांनी राजगोपालला दारात गाठलं आणि अगदी हळू विचारलं, "तिनें त्या वर्षीं दुसऱ्या कोणाचें गाणें तर ऐकलें नाही ना?"

"अण्णा," राजगोपाल म्हणाला, "लेखकाची गोष्ट एजंटानें बाहेर सांगायची नसते." आणि तो सायकलवर बसून निघून गेला.